काटा झोपायचा तो दिवस

मला 'दादा' म्हणणारी जगात एकच बाई आहे. ती राहते टांझानियात, त्यांच्या मोठ्या सरोवराच्या अलीकडे, कापसाच्या मुलखात. तिच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. पहिल्यांदा तिने फोनवर तशी हाक मारली तेव्हा माझा दीर शेजारच्या खुर्चीत इतका हसला, की हातातला चहा कीबोर्डवर सांडला. मग महिनाभर घरी-दारी "दादा, चहा मांडता का?" सुरू. शेवटी सासूबाईंसमोर मी त्याला असा झापला, की तो मुकाट्याने पुन्हा 'वहिनी'वर आला.

मी मारेगावची सून. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारांचं. सासरे तहसीलमधून निवृत्त झालेले, नवरा शाळेत मास्तर. दीर तेवढा संगणक शिकून पुण्याला गेला आणि काही वर्षांनी परत आला. का आला ते त्याने कधी नीट सांगितलं नाही. "माह्यं मन नाही लागे तिथं, वहिनी," एवढंच. मग एका कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याने कापसाच्या काट्यासाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं. घरात सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. मी मात्र त्याच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले. एक तर घरी मला कंटाळा आला होता, आणि दुसरं म्हणजे माझा आवाज मोठा आहे. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गोंगाटात उभ्या असलेल्या माणसाला फोनवर काही समजावायचं तर तो लागतोच. समजावता समजावता मी रागावते, हा माझा दुर्गुण. पण गिऱ्हाइकं म्हणायची, मॅडम रागावतात पण मशीन सुरू करून देतात.

काम तसं साधं होतं. कापसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन पडद्यावर येतं. माल खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा चढते. फरक तो कापूस, आणि त्याची छापील पावती शेतकऱ्याच्या हातात. मधे कोणालाही आकड्याला हात लावता येऊ नये, एवढीच त्यातली हुशारी. आणि ही हुशारी दिराने जीव ओतून केली होती.

आमच्या बाजारात अमावस्येला काटा बंद असतो. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, हमालांचा रिवाज आहे. पहिल्याच जिनिंगमध्ये हमालांचा मुकादम दिराला म्हणाला, "भाऊ, तुह्या मशीनले सांगून ठेव, अवसेले उघडाचं नाही. नाही तं मालक म्हणतीन, मशीन चालू आहे, तुमी कायले बसून राह्यले?" दिराला ते पटलं. त्याने सॉफ्टवेअरमध्ये वर्षभराच्या अमावस्या भरून ठेवल्या. त्या दिवशी काटा सुरूच होत नसे. अमावस्येचं गणित त्याला सहज मांडता आलं असतं. पण गणिताची अमावस्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली अमावस्या यांत एखाद्या दिवसाचा जरी फरक पडला, तरी बाजारात भांडण ठरलेलं. म्हणून दर जानेवारीत नवीन दिनदर्शिका समोर ठेवून तो हाताने तारखा भरायचा. तारखा भरलेल्या नसल्या तर काटा उघडायचाच नाही, पडद्यावर सूचना यायची. ती सूचना मी लिहिलेली. 'दिनदर्शिका भरलेली नाही. कार्यालयाशी संपर्क साधा.' खाली माझ्या टेबलावरच्या मोबाइलचा नंबर. जानेवारी लागला की सगळीकडून फोन यायचे, "मॅडम, तेवढं कॅलेंडर भरून द्या न." पाच मिनिटांचं काम. त्या निमित्ताने चार तक्रारी निघायच्या, मुलाबाळांची विचारपूस व्हायची.

मग काही बहाद्दरांनी संगणकाची तारीख मागे नेऊन अमावस्येला काटा चालवायला सुरुवात केली. आज तारीख बदलतात, उद्या वजन बदलतील, म्हणून दीर भडकला. त्याने एक काळी डबी तयार केली. ती काट्याला जोडायची. वेळ आणि तारीख ती थेट उपग्रहावरून घ्यायची, संगणकाचं काही ऐकायची नाही. "आता देव जरी आला ना वहिनी, तरी तारीख मांगं नाही नेऊ शकत," तो म्हणाला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. 

अशात दिल्लीच्या एका कार्यालयाची योजना आली. गरीब देशांनी दर वेळी श्रीमंत देशांच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपलं संगणकाचं ज्ञान आपसात द्यावं-घ्यावं, असा तिचा अर्थ. मला तो अर्थ मनापासून आवडला होता. अजूनही आवडतो. मोठमोठ्या शहरांतल्या कंपन्या सोडून त्या लोकांना आमचं सॉफ्टवेअर पसंत पडलं, कारण ते कापसाचं होतं, फाटक्या इंटरनेटवर चालत होतं आणि वीज गेली तरी वजन विसरत नव्हतं.

पाहणीसाठी टांझानियातून चौघे-पाचजण मारेगावला आले. त्यांत मला दादा म्हणणारी ती होती. माझ्याहून थोडी लहान, ठेंगणी, डोक्याला रंगीत रुमाल, आणि प्रश्न विचारायची सवय अशी, की जिनिंगचा मालक दोनदा पाणी प्यायला निघून गेला. ट्रॉलीतला कापूस तिने मुठीत घेतला, ओढून पाहिला आणि "पांबा" म्हणाली. आम्ही "कापूस" म्हणालो. मग ती गाडीकडे बोट दाखवून "गारी" म्हणाली. चहाला "चाय", हिशेबाला "हेसाबू". मुकादमाने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ह्या आपल्याइकडच्याच तं नाहीत?" दुपारी ती आमच्या घरी जेवली. ज्वारीची भाकर तिला आपल्या घरासारखी वाटली, वांग्याच्या भाजीने मात्र डोळ्यांत पाणी आणलं. मी घाबरून दही पुढे केलं तर म्हणाली, थांब, सवय होऊ दे. 

तिच्या इंग्रजीचे आणि माझ्या इंग्रजीचे पाय सारखेच लंगडे, म्हणून आमचं छान जमलं. जेवल्यावर तिने मला तिची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे कापूस बायका डोक्यावरून किंवा सायकलवरून गाठोड्यांत आणतात. खाजगी खरेदीदार झाडाला स्प्रिंगचा ताणकाटा टांगतो, गाठोडं हुकाला अडकवतो आणि आकडा वाचायला स्वतःच उभा राहतो. बाईला काटा दिसत नाही, दिसतो तो त्याचा पाठमोरा शर्ट. तिची आई अशीच आयुष्यभर कापूस घालून आली होती. आई गेली तेव्हा ही शिकून त्यांच्या शेतकरी सोसायटीत लागली आणि हट्टाने म्हणाली, आपला स्वतःचा काटा पाहिजे, ज्याचा आकडा बाईच्या तोंडासमोर येईल आणि हातात पावती पडेल. सोसायटीच्या पंचांनी तिला एक केंद्र देऊन पाहिलं. काटा नीट चालला तर केंद्र राहील, नाही तर बंद. बायका परत ताणकाट्यावर. हे सगळं ती अगदी सहज बोलत होती, पण भाकरीचा तुकडा तिने केव्हाचा हातातच धरून ठेवला होता.

सॉफ्टवेअर तिकडे जायच्या आधी दिल्लीत त्याची तपासणी झाली. त्यावर त्या कार्यालयाचा डिजिटल शिक्का बसला. शिक्का नसलेलं काहीही डबीने स्वीकारायचं नाही, अशी त्यांची अट होती, आणि दिराने तसं पक्कं बसवून दिलं. गाठोड्यांच्या वजनासाठीचे बदल तपासणीच्या आधी झाले होते, पण अमावस्या तशीच राहून गेली. त्याला ते उशिरा लक्षात आलं. त्याने दिल्लीच्या साहेबांना फोन केला, की हा आमच्या हमालांचा रिवाज आहे, तिकडच्या लोकांना ह्याचं काय, मी काढून टाकतो. साहेब म्हणाले, तपासलेल्या वस्तूत आता बदल नको, पुन्हा तपासणी म्हणजे हंगाम जाईल. महिन्यातून एक दिवस बंद राहिलं तर काय बिघडलं? इंग्रजी आणि त्यांच्या भाषेतले पडदे तयार झाले, पण अमावस्येच्या सूचना मराठीतच राहिल्या. तपासणी करणाऱ्यांना त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

तिकडचा हंगाम आपल्या उलट. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस निघतो, त्यांच्याकडे मे-जूनपासून. पहिल्या हंगामातली पहिली अमावस्या आली आणि तिचा फोन आला. आवाज चिरका झालेला. काटा मेला, दादा. बायका रांगेत उभ्या आहेत. मी तिला समजावलं, मेला नाही, आज चंद्र नाही म्हणून आमच्याकडे हमाल सुट्टी घेतात, उद्या सकाळी आपोआप उघडेल.  मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर ती हसत होती. 

तिने बायकांना जाऊन सांगितलं, हा हिंदुस्थानातला काटा आहे, महिन्यातून एकदा झोपतो. दुसऱ्या दिवशी तो उठला. पुढच्या महिन्यात पुन्हा झोपला आणि पुन्हा उठला. एकदोन महिन्यांत ती तिकडची रीतच झाली. आदल्या दिवशी ती फळ्यावर खडूने मिटलेले डोळे काढायची आणि मला फोटो पाठवायची. त्या दिवशी बायका कपडे धुवायच्या, सोसायटीची बैठक घ्यायच्या. आमच्या मुकादमाला मी ते फोटो दाखवले, तेव्हा त्याची मान अशी ताठ झाली, की जणू त्यानेच तिकडे जाऊन संघटना बांधली. "म्हनलं होतं न मी, अवसेले उघडाचं नाही!"

आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिच्या केंद्राकडे वळल्या. झाडाखालचा ताणकाटा एका हंगामात उठून गेला. तिने मला त्या रिकाम्या झाडाचाही फोटो पाठवला होता. फोटोत बाकी काही नव्हतं, नुसतं झाड. मी तो बरेच दिवस फोनच्या पडद्यावर ठेवला होता.

तिच्याकडून मी एक शब्द शिकले, 'पोले'. कोणाला ठेच लागली, कोणाची वीज गेली, कोणाचं माणूस गेलं, की त्यांच्यात 'पोले' म्हणतात. चूक आपली नसली तरी म्हणतात. तुझ्या वाट्याला हे आलं, मला कळतंय, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे असा सुटसुटीत शब्द नाही. आपण 'अरे रे' म्हणतो आणि लगेच सल्ला द्यायला लागतो. निदान मी तरी लागते.

मग योजना संपली. भांडण नाही, तक्रार नाही. मुदत होती, संपली. कागदोपत्री सॉफ्टवेअर आणि त्याचा शिक्का दिल्लीच्या कार्यालयाकडे गेला. पुढची देखभाल नवीन संस्था करणार, असं ठरलं. दिराचं तिकडच्या यंत्रात शिरण्याचं दार बंद झालं, आणि ते योग्यच होतं, कराराप्रमाणे होतं. जाताना त्याने दिल्लीचा शिक्का घेऊन त्या वर्षाच्या अखेरपर्यंतच्या अमावस्या भरून दिल्या आणि दिल्लीला लिहून कळवलं, की जानेवारीत पुढच्या तारखा भरायला विसरू नका, नाही तर काटा उघडणार नाही. साहेबांचं उत्तर आलं, नोंद घेतली. नवीन संस्था काही नेमली गेली नाही. साहेबांची बदली झाली.

जानेवारीत आमच्या जिनिंगचे फोन वाजत होते आणि आम्ही तारखा भरत होतो. तिकडे हंगाम नव्हता, केंद्राला कुलूप होतं. तिला काही कळायचं कारण नव्हतं. मला आठवायला हवं होतं का, असं मी स्वतःला हजारदा विचारलं. पण आठवून तरी मी काय करणार होते?

मे महिन्यात तिकडचा हंगाम उघडला आणि तिचा फोटो आला. काट्याचा पडदा, त्यावर मराठी अक्षरं. खाली तिचा प्रश्न, दादा, हा काय म्हणतोय? मी वाचलं. माझंच वाक्य. 'दिनदर्शिका भरलेली नाही.' मी फोन तसाच दिरापुढे सरकवला. त्याने पाहिलं आणि खुर्ची मागे घेतली.

"पाच मिनटाचं काम आहे, वहिनी."

"मग करा न, भाऊजी."

"मले हात कोण लावू देते?"

तरी त्याने केलं. त्याच दुपारी नवीन तारखा भरलेलं सॉफ्टवेअर बांधून तिला पाठवलं. तिने फोनवर विचारत विचारत ते डबीला दिलं. डबीने नाकारलं. शिक्का नाही. त्याने दुसऱ्या वाटेने प्रयत्न केला, तिसऱ्या वाटेने केला. डबीला सगळ्या वाटा माहीत होत्या, कारण त्या ह्यानेच एकेक करून बुजवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तो स्वतःशीच भांडत बसला होता. मला म्हणाला, "इतकं पक्कं कायले केलं मी?" मी म्हटलं, चोरांसाठी केलं. तो म्हणाला, "चोर तं कुठं दिसून नाही राह्यला." आणि डोकं टेबलावर ठेवलं. एवढा मोठा माणूस, त्याच्या केसांवरून हात फिरवावा असं वाटलं, पण दीर-भावजयीचं नातं, मी चहा ठेवायला उठले.

डबी काढून फेकून दे, साधा काटा चालव, असं मी तिला सुचवून पाहिलं. तिने सांगितलं, काट्याला तिथल्या सरकारचं सील आहे. डबी काढली की सील तुटतं, मग त्या काट्यावरचं वजन कोणी मानत नाही. जिनिंगवाले माल घेणार नाहीत. म्हणजे तीही वाट बंद.

दिल्लीला मी किती फोन केले त्याची मोजदाद नाही. पहिल्यांदा समजावून सांगितलं, मग विनवण्या केल्या, मग माझ्या स्वभावाप्रमाणे भांडले. फोनवर जे नवीन साहेब होते ते वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान कोणावर तरी नीट रागावता आलं असतं. "मॅडम, आपकी बात बिल्कुल सही है," असं ते दर वेळी म्हणायचे. शिक्का ज्या किल्लीने बसतो ती किल्ली योजनेच्या नावावर होती, आणि योजना आता नव्हती. ती कोणाच्या नावावर करायची, हे ठरवणारी बैठक व्हायची होती. बैठक कोणी बोलवायची, हे ठरायचं होतं. एकदा मी ओरडले, "साहब, वहाँ औरतें बैठी हैं कपास ले के!"  ते हळू आवाजात म्हणाले, "मैं भी तो बैठा हूँ, मॅडम." मी फोन ठेवून दिला. त्या माणसाचीही कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला.

सासरे जन्मभर तहसीलमध्ये राहिलेले. एके दिवशी जेवताना मला म्हणाले, "सूनबाई, फाइल जित्ती असली तं पळवता येते. मेलेल्या फाइलीले खांदा द्यायलाही कोणी येत नाही." मी त्यांना उलट बोलत नाही, पण त्या दिवशी ताट अर्धवट ठेवून उठले. ते बरोबर बोलत होते म्हणूनच.

तिकडे वेगळंच घडत होतं. बायका घाबरल्याच नव्हत्या. काटा झोपतो, दुसऱ्या दिवशी उठतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तो आम्हीच बसवलेला होता. पहिल्या दिवशी त्या हसत परत गेल्या. दुसऱ्या दिवशी गाठोडी घेऊन पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. ह्या वर्षी जास्त झोपला, थकला असेल, असं आपसात म्हणायच्या. ती मला हे सांगायची तेव्हा हसायचा प्रयत्न करायची. मग पंचांनी तिला बोलावून सांगितलं, पुढच्या बैठकीपर्यंत काटा सुरू झाला नाही तर केंद्र बंद करू, तुझंही काम संपलं. आणि एका सकाळी तिने फोटो पाठवला. तेच झाड. त्याला ताणकाटा टांगलेला, आणि सावलीत ट्रक उभा.

पंचांच्या बैठकीच्या दिवशी सकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे ऊन चढलं होतं, त्यांच्याकडे नुकतं कोवळं. दीर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तिने फोन फिरवून दाखवलं. केंद्राच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या, शेजारी पांढरी गाठोडी. काहींनी माझ्याकडे पाहून हात हलवले. दिल्लीची आज बैठक आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. उद्या? मी म्हटलं, माहीत नाही. तिथून आता काही होणार नाही, असं मी तोवर तिला स्पष्ट सांगितलं नव्हतं. रोज 'पाहू', 'बोलते', 'उद्या फोन करते' असंच चाललं होतं.

मग ती म्हणाली, दादा, ह्या बायका विचारतात, तो उद्या उठेल का? ढग दिसताहेत. गाठोडी भिजली तर तो ट्रकवालाही घेणार नाही. तू उठेल म्हणालीस तर त्या थांबतील. तुझ्यावर त्यांचा भरवसा आहे. मी काय सांगू त्यांना?

मी दिराकडे पाहिलं. त्याने नजर खिडकीकडे वळवली. मला भयंकर राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते सुचत नव्हतं. इतकी वर्षं फोनवर लोकांना ओरडून मशीन सुरू करून देणारी मी, त्या दिवशी हळू बोलले. थांबा म्हणाले असते तर त्या खरंच थांबल्या असत्या.

"त्यांना सांग, माल त्या झाडाखाली घाला," मी म्हटलं. "काटा उठणार नाही."

तिने एकदा मान हलवली. मग मी म्हटलं, "पोले." तो शब्द तिनेच मला दिलेला, मी तिलाच परत केला. ती म्हणाली, "पोले, दादा." तिने फोन काट्याशेजारी ठेवला आणि ओसरीवर गेली. कॉल बंद करायचा राहिला. तिच्या भाषेतलं तिचं बोलणं ऐकू आलं, एकच वाक्य असावं.  बायका उठल्या. एकमेकींना हात देत गाठोडी डोक्यावर चढवली आणि एकेक करून रस्ता ओलांडून झाडाकडे गेल्या. सगळ्यात शेवटी एक म्हातारी राहिली. तिने काट्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला, झोपलेल्या पोराला हलवून पाहावं तसा, आणि तीही गेली.

मग ओसरी रिकामी झाली. फोनसमोर काट्याचा पडदा तेवढा उरला, मराठीत. कार्यालयाशी संपर्क साधा. खाली नंबर, ज्या फोनवर मी ते पाहत होते त्याचाच.